वार्ड खुला सुटला ते साल

इंदापूर गाव मला पाण्यानं शिकवलं. शाळा चौथीत सुटली, आणि विशीत मी पालिकेच्या पाणीखात्यात रोजंदारीवर लागलो. काम एकच, व्हॉल्व्ह सोडायचे आणि बंद करायचे. खांद्यावर माणसाएवढी लोखंडी चावी टाकून गल्ल्या पालथ्या घालायच्या, खड्ड्यावरचं झाकण सरकवायचं, चावी आत उतरवून पिळायची. आधी पेठ, मग पेठेमागच्या गल्ल्या, मग ओढ्याकडचा भाग, आणि सगळ्यात शेवटी आमची वस्ती. आमची वस्ती चढावर. टाकीतून निघालेलं पाणी अख्ख्या गावाला पाजून आमच्याकडं यायचं तेव्हा त्याच्यात दम उरलेला नसायचा. नळ आधी नुसता फुसफुसायचा, मग खाकरायचा, आणि करंगळीएवढी धार लागायची. चावी माझ्या हातात आणि माझ्याच घरात पाणी नाही, म्हणून वस्तीतल्या बाया मला बघून म्हणायच्या, "बाळू, आमच्यासाठी न्हाय तर न्हाय, बायकोसाठी तरी जरा जोर लाव की रं चावीला." मी हसायचो. चावीला जोर लावून पाणी चढ चढत नाही हे त्यांना कळत होतं. त्याला मोठा पाइप लागतो, आणि पाइप कुठं टाकायचा हे पालिकेत हात वर करणारी माणसं ठरवतात. वस्तीचा हात तिथं कधीच नव्हता.

माझी बायको सुलोचना कळंबची. सातवी पास. माझ्यापेक्षा तीन इयत्ता पुढं, आणि हे तिनं मला कधी विसरू दिलं नाही. ती जाऊन आता वर्ष होत आलं. घरात नळ आहे, वर टाकी आहे, पिंप भरायची गरज नाही, तरी मी सकाळी उठून पिंप भरतो, आणि दोन दिवसांनी ते पाणी शिळं झालं म्हणून ओतून देतो. सून काही बोलत नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हाचं आमचं घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आबा, माझे वडील. निम्मी हयात कालव्याच्या गँगवर गेलेली, गाळ काढून काढून पाठ वाकलेली, पण बसायचे ताठ. भिंतीवर दोन तसबिरी. पहाटे मी चावी घेऊन निघायचो तेव्हा आबा त्यांच्यापुढं उभं राहून त्रिशरण म्हणत असायचे, आणि आत सुलोचनाच्या थापण्याचा आवाज चालू असायचा. ज्वारीची भाकरी, तव्यातच ठेचलेला मिरचीचा खरडा, थंडीत हुलग्याचं माडगं. सुकट भाजली की वास चार घरं जायचा, आणि शेजारची पारूमावशी भिंतीपलीकडनं ओरडायची, "सुले, जरा आमच्याबी भाकरीला वास लागू दे." सुलोचना वाटी भरून भिंतीवर ठेवायची.

आबांचं एक होतं. धम्म घेतला त्या साली त्यांनी घरातले जुने देव ओढ्याला सोडले, आणि देवांबरोबर आमच्या जातीचा शब्दही सोडला. पुन्हा तोंडातून काढला नाही. का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आजोबांच्या वेळी गावात काही काम निघालं, मेलेलं ढोर ओढायचं असो की कुणाच्या मयतीचा सांगावा न्यायचा असो, की वेशीत उभं राहून कुणीतरी हाक मारायचं. नावानं नाही, त्या शब्दानं. मग ताटावर बसलेला माणूस उठून जायचा. आबा म्हणाले, "माझ्या बापाला नाव हुतं. चांगलं नाव हुतं. त्यानं मरंस्तवर दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकलं न्हाय." एवढं बोलून ते अंगणात गेले आणि उगाच खराटा मारत बसले. मी तो शब्द इथं लिहीत नाही. वाचणाऱ्याला ठाऊक आहे.

आमचं लग्न होऊन दोनेक महिने झाले असतील, जनगणना आली. आमच्या भागाला एक शाळामास्तर नेमलेले. वयस्कर, दम्याचा त्रास, पण काम नीट करणारा माणूस. घरं मला पाठ, म्हणून वस्तीतल्यांनी मलाच त्यांच्याबरोबर दिलं. सुरुवात आमच्याच घरापासून झाली. गुरुजी आबांच्या पुढ्यात पोत्यावर बसले. नाव, वय, शिक्षण झालं. धर्म विचारला. आबा म्हणाले, "बौद्ध." गुरुजींनी लिहिलं, आणि पेन तसंच धरून म्हणाले, "आबा, आता कायदा बदललाय. बौद्ध लिहून खाली जात पण लिहिता येते. सवलत जात नाही. लिहू का?"

"जात न्हाय आमाला," आबा म्हणाले.

"कागदापुरती हो."

"गुरुजी, तुमी माझं घर मोजाया आलाय ना? मोजा. ह्या घरात त्यो शब्द राहत न्हाय."

गुरुजींनी मान हलवली. तेवढ्यात सुलोचना पाण्याचा तांब्या घेऊन आली. माहेरी तिच्या भावाच्या शाळेच्या कागदावर दोन्ही लिहिलेलं होतं, त्याला त्यावर वसतिगृह मिळालं होतं. ती दारातच थांबून हळू म्हणाली, "गुरुजी, माझं लिहा की खाली. कागद सरकारचा हाय, त्याला काय हुतंय?" सासऱ्यापुढं नवी सून बोलली म्हणून मला घाम फुटला. मी म्हणालो, "तू गप. आत जा." ती आत गेली. आबांनी ऐकलं होतं, पण ते तिला एका अक्षरानं बोलले नाहीत. उलट नंतर मला म्हणाले, "पोरीला गप करू नगंस. तिला तिचं मत हाय."

एवढंच झालं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळ माझ्यावर आली नसती. खरं जे झालं ते त्यानंतरच्या तीन घरांत. पुढच्या घरी गुरुजींनी तेच विचारलं. तिथला माणूस माझ्याकडं बघायला लागला. तिसऱ्या घरी म्हातारी एकटी होती, तिला काहीच कळेना. चौथ्या घरी दोघा भावांची जुंपली, एक म्हणतो लिहा, एक म्हणतो नको. ऊन चढलेलं, मास्तरांचा श्वास लागलेला, आणि मला चारच्या पाण्याला जायचं होतं. मी म्हणालो, "गुरुजी, आता घरोघरी इचारत बसू नका. सगळ्यांचं एकच हाय. आबांचं लिहिलं तसंच लिहा." गुरुजींनी मला परत विचारलं, "नक्की का? अख्ख्या वस्तीचं?" मी म्हणालो, "व्हय, अख्ख्या वस्तीचं." आबांनी फक्त आपल्या घराचं सांगितलं होतं. बाकीच्या सगळ्या घरांचं मी सांगितलं. उनाच्या घाईत, आणि खरं बोलायचं तर जरा ऐटीतही. मी वस्तीच्या वतीनं बोलतोय असं मला वाटलं होतं.

पुढं तीनचार वर्षांनी नवा कायदा लागू झाला आणि पालिकेची निवडणूक जाहीर झाली. वार्ड नव्यानं पाडले. आमच्या वार्डाची हद्द कागदावर अशी की उत्तरेला ओढा, पूर्वेला पिठाची गिरणी, दक्षिणेला रस्ता आणि पश्चिमेला बाजाराच्या मैदानाची भिंत. मला हसू आलं, कारण पाण्याच्या हिशेबानं ते चार भाग होते आणि त्यांचे व्हॉल्व्हसुद्धा वेगळे. पण मधोमध वस्ती होती आणि डोकी आमचीच जास्त. नियम असा की ज्या वार्डात अनुसूचित जातीच्या माणसांचं प्रमाण मोठं, तो वार्ड त्यांना राखीव सुटणार, आणि त्यात चिठ्ठी निघाली तर बाईला.

विहारात बैठक बसली. नामदेवतात्या म्हणजे वस्तीतला कर्ता माणूस, एसटीत मेकॅनिक, कचेरीची भाषा येणारा. ते म्हणाले, "वार्ड आपलाच सुटणार, ह्यात दोन मतं न्हाईत. बाप्याला सुटला तर बघू. बाईला सुटला तर कोण?" बाया एकमेकींच्या पदराआड गेल्या. पारूमावशी म्हणाली, "सुलीला करा. ती भांडती बी आणि लिहिती बी." सगळे हसले. तात्यांनी विचारलं, "काय गं सुलोचना, बोलशील का तिथं सायबाम्होरं?" ती म्हणाली, "तात्या, मी नळावर बोलते तशीच बोलीन." पुन्हा हसू झालं, पण या वेळी कुणी नाही म्हणालं नाही.

त्या पंधरा दिवसांत मी माझ्या बायकोला पहिल्यांदा नीट बघितलं असं म्हटलं तरी चालेल. भाकरी थापता थापता ती मला विचारायची, टाकीपासून ओढ्यापर्यंत पाइप केवढा, ओढ्याच्या पुढं केवढा, मध्ये किती जोड दिले. मी सांगायचो, आणि ती चुलीपुढच्या जमिनीवर कोळशानं रेघा मारायची. पेठ इथं, गिरणी इथं, आपण इथं. गाव मी दहा वर्षं पायानं फिरलो होतो, पण ते असं वरून मला तिनं दाखवलं. एकदा म्हणाली, "अवो, टाकीपासनं सरळ गिरणीच्या अंगानं दुसरा पाइप आणला तर चढ निम्मा हुतोय. हे कुणाच्याच ध्यानात कसं आलं न्हाय?" मी म्हणालो, "ध्यानात यायला आपलं माणूस पालिकेत ऱ्हावं लागतंय." ती म्हणाली, "मग मी ऱ्हाते तिकडं." आबा बाहेरच्या खोलीतून ऐकत होते. म्हणाले, "नगरसेविकाबाई, भाकरी करपली."

वार्डांची यादी पालिकेच्या फळ्यावर लागली त्या दिवशी मी कामावरच होतो. गर्दीत तात्या उभे, चष्मा कपाळावर. मला बघून म्हणाले, "खुला सुटला." मला कळेना. ते म्हणाले, "आपला वार्ड खुला. ओढ्यापलीकडचा राखीव." ओढ्यापलीकडं आमची घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी, बहुतेक नोकरदार. त्यांनी जनगणनेत दोन्ही रकाने भरले होते. आमच्या वार्डापुढं अनुसूचित जातीचा जो आकडा होता, तो एका गल्लीलाही पुरला नसता. तात्यांनी बोट ठेवून दोनदा वाचला. आम्ही सगळे बौद्धांच्या आकड्यात गेलो होतो, आणि राखीव जागा धरताना त्या आकड्याला कुणी विचारत नव्हतं. पेठेतला एक जण मागून म्हणाला, "काय पाणीवाले, वस्ती वाहून गेली काय?" त्याला वाईट बोलायचं नव्हतं, गंमत करायची होती. पण ती मला आजही लागते.

वस्तीत बोभाटा व्हायला तास लागला नाही. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्यानं गुरुजीला लिहू दिलं नाही. म्हणजे आबांनी. हे जनगणनेच्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं होतं, कारण आबांनी ते अभिमानानं चार ठिकाणी सांगितलं होतं. चौथ्या घरातले ते दोघे भाऊ दारात आले. धाकटा म्हणाला, "आबा, तुमचा धर्म तुमी पाळा. आमच्या घरचं तुमाला कुणी इचारलं हुतं?" आबा म्हणाले, "मी तुमच्या घरचं न्हाय सांगितलं." तो म्हणाला, "मग कुणी सांगितलं?" आबा माझ्याकडं बघायला लागले. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फक्त साक्ष मागितली, मुलगा बरोबर फिरत होता म्हणून. मी खाली बघून म्हणालो, "गुरुजींनी आपलं आपण लिहिलं असंल." धाकटा थुंकला आणि निघून गेला. गुरुजी तोवर वारले होते.

त्या दिवसापासून आबांशी वस्तीत कुणी धड बोलेना. विहारात ते बसले की बाजूची जागा मोकळी राहायची. त्यांनी मला काही विचारलं नाही. हरकती घ्यायला आठ दिवस होते. सुलोचनानं अर्ज लिहिला, तात्यांनी टाइप करून आणला. सुनावणी बारामतीला, मोठ्या साहेबांपुढं. आदल्या दिवशी जेवताना सुलोचना आबांना म्हणाली, "आबा, तुमी चला. साहेबाला तोंडानं सांगा आपण कोण ते. अर्जापरीस माणसाचं ऐकत्यात."

आबांनी घास खाली ठेवला. "तुला ठाव हाय न्हवं आपण कोण?"

"मला ठाव हाय. फळ्यावर न्हाय." तिचा आवाज चढला. "आबा, मी रागानं न्हाय बोलत. दोन हंड्यांसाठी मी ओढ्यापलीकडं जाते. तिकडच्या बाया बादली लावून ठेवत्यात मुद्दाम. मला त्या खुर्चीत बसून एकदा हात वर करायचाय. एका शब्दापायी ते ऱ्हायलं."

आबा उठले आणि हात धुतला. मी तिथंच बसून होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर म्हाताऱ्याची बारामती टळली असती. मी भाकरीचा तुकडा खरड्याला लावला आणि खाल्ला.

सकाळी आबा माझ्या आधी तयार होते. पांढरा सदरा, धुतलेलं धोतर. एसटीत खिडकीपाशी बसले. भवानीनगरला कारखान्याचा वास आला तेव्हा म्हणाले, "हितं आमी गाळ काढला हुता कालव्यात, तू झाला न्हव्हतास." एवढंच. सुलोचना मांडीवर अर्जाची पिशवी धरून पुढच्या बाकावर, तात्यांच्या बायकोशेजारी.

सुनावणीची खोली माणसांनी भरलेली. एकाला त्याची गल्ली दुसऱ्या वार्डात हवी होती, एकाचं घर नकाशात निम्मं इकडं निम्मं तिकडं. साहेब शांत होते, सगळ्यांचं ऐकत होते. आमचं नाव पुकारलं. तात्यांनी अर्ज दिला. साहेबांनी तो पुरा वाचला आणि म्हणाले, "तुमचं म्हणणं मला समजतं. पण आकडे जनगणनेचे धरायचे असतात. तिथं जे लिहिलं गेलं त्यात मला फरक करता येत नाही. पुढच्या जनगणनेत नीट सांगा." तात्या म्हणाले, "साहेब, ह्या म्हाताऱ्यामुळं चूक झाली. सगळ्यांना कशापायी शिक्षा? तुमी त्यांनाच इचारा." साहेबांनी आबांकडं पाहिलं. विचारायचं म्हणून विचारलं, "बोला बाबा."

आबा उभे राहिले. आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग माझ्या आजोबांचं नाव सांगितलं, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून. मग गाव. आणि मग तो शब्द. चाळीस वर्षांत तो त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. मोठ्यानं नाही म्हणाले, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला, आणि मागच्या बाकावरच्या दोघातिघांनी माना वळवून बघितलं, पूर्वी बघत असतील तसं. शेजारी बसलेल्या कारकुनानं पेनाला टोपण घातलेलं होतं. त्यानं ते काढलं नाही. साहेब म्हणाले, "बसा बाबा. मी सांगितलं ना, माझ्या हातात नाही." आणि पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर आबा कचेरीच्या पायरीवर बसले. तात्या आणि बाकीचे चहाला गेले, आम्हाला या म्हणाले नाहीत. आबांनी मला विचारलं, "लिहिलं का रं त्यानं?"

मी म्हणालो, "न्हाय लिहिलं."

"बरं झालं," आबा म्हणाले. आणि मग, "पोरीला सांगू नगंस मी असं म्हणलो ते."

ती मागंच उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती पुढं आली, त्यांच्या पायाशी वाकली आणि त्यांच्या चपलेचा निसटलेला अंगठा नीट बसवून दिला. वाकून तशीच राहिली जरा वेळ. आबा तिच्या डोक्यावर हात ठेवून रस्त्याकडं बघत होते.

परतीच्या एसटीत गर्दी होती. आबांना जागा मिळाली, आम्ही दोघं मागं दांडीला धरून उभे. भवानीनगरच्या पुढं मला राहवलं नाही. मी तिच्या कानाशी सगळं सांगितलं, ती तीन घरं, ऊन, चारचं पाणी, अख्ख्या वस्तीचं लिहा म्हणालो ते. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. निमगाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि मग म्हणाली, "आबांना सांगा. घरी गेल्या गेल्या सांगा. आणि तात्यांनाबी."

मी व्हय म्हणालो. घरी गेल्या गेल्या पाण्याची वेळ झाली होती. दुसऱ्या दिवशी आबांना ताप होता. नंतर निवडणूक आली, खुल्या वार्डात पेठेतला माणूस निवडून आला, सुलोचनाला उभं राहा म्हणून कुणी म्हणालं नाही आणि तिनंही विषय काढला नाही. पुढच्या हिवाळ्यात आबा गेले. मयतीला वस्ती आली, पण खांदा द्यायला ते चौथ्या घरातले दोघे भाऊ पुढं झाले नाहीत. मी त्यांना बोलावलं नाही.

त्यानंतर तीस वर्षं तिनं संसार केला. मला ती मिठावरून बोलली, दारूवरून बोलली, पोरांच्या शाळेवरून बोलली, आणि तिचं बरोबर असायचं. ही एक गोष्ट मात्र तिनं परत काढली नाही. मी आबांना सांगितलं, असं धरून ती गप्प राहिली, की सांगितलं नाही हे ओळखून गप्प राहिली, ते मला कळलेलं नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी ती शुद्धीत होती, आम्ही दोघंच होतो, दुपार होती, मी विचारू शकलो असतो. मी तिला विचारलं, पाणी देऊ का. ती म्हणाली, थोडं द्या.